शिथिल व्हा म्हणे

दुपारी जेवून वज्रासनात बसले होते. जेवल्यावर लगेच चालतं असं हे एकच आसन, शिवाय टीव्ही बघत करता येतं. तेवढ्यात समोरच्या फ्लॅटमधून कुणाच्या तरी मोबाइलवरचा मधाळ आवाज आला, ‘आता डोळे मिटा... सगळे विचार सोडून द्या... शिथिल व्हा...’ आणि माझे खांदे थेट कानापर्यंत गेले.

माझं हे असंच आहे. कुणी ‘शिथिल व्हा’ म्हटलं की मी ताठ होते. ‘विचार सोडा’ म्हटलं की गॅस बंद केलाय का, उद्या दूध किती सांगायचं, परवाच्या लग्नात आहेर काय, सगळे रांग लावून हजर. योगाच्या वर्गात शवासनात बाई पायाच्या अंगठ्यापासून एकेक अवयव सैल करत वर सरकतात. त्या गुडघ्यापाशी पोचेपर्यंत शेजारचे काका घोरायला लागतात आणि मी एकटी टक्क जागी.

आजोबांना असलं कुणी काही सांगितलं नाही. ते औंधात शिकलेले. (साताऱ्याकडचं औंध, पुण्याचं नव्हे.) तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः नमस्कार घालायचे आणि शाळांमधल्या पोरांनाही घालायला लावायचे, त्यामुळे आजोबांच्या लेखी सूर्यनमस्कार म्हणजे जवळपास सरकारी काम. पहाटे माजघरात कंदील, खाली शहाबादी फरशी, आणि ‘ॐ मित्राय नमः’पासून ‘भास्कराय’पर्यंत बारा नावं, संपली की परत पहिल्यापासून. आम्ही पोरं गोधडीच्या फटीतून बघायचो. कपाळ टेकायचं त्या जागी फरशीवर घामाचा डाग पडायचा, तो आम्ही नंतर बोटानं पुसून बघत असू. शेवटच्या नमस्कारानंतर ते हात जोडून डोळे मिटून उभे राहायचे. चेहरा इतका शांत, की देव्हाऱ्यात ठेवावा. मग डोळे उघडायचे आणि पहिलं वाक्य, ‘चहाचं काय झालं? का आज उपास आहे?’ सगळं घर हादरायचं. आजी आधण ठेवत पुटपुटायची, ‘नमस्कार घालतात म्हणून एवढ्यावर भागतंय.’

मला त्यातल्या त्यात मानवलं ते योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांच्या पद्धतीचं. दोर, ठोकळे, लोड, खुर्च्या, पट्टे. वर्ग कसला, मांडववाल्याचं गोदाम. तिथे विचार सोडा असं कुणी म्हणतच नाही. ‘गुडघ्याची वाटी वर ओढा! टाचेची बाहेरची कड दाबा! करंगळी कुठे गेली?’ करंगळी शोधायच्या नादात आहेराचा विषय राहून जातो. खुद्द अय्यंगारांची गोष्ट सांगतात ती १९५२ची. व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन दौऱ्यानं पार थकून त्यांना मुंबईत भेटले. अय्यंगारांनी त्यांना शवासनात आडवं केलं आणि ते चक्क झोपले. एवढा मोठा माणूस, त्याला आधी झोपच हवी होती! पुढे मेनुहिननी त्यांना युरोपात नेलं, ते सगळ्यांना माहीतच आहे.

आमच्या धाकट्या जाऊबाई मात्र एकदम इगतपुरीला गेल्या, विपश्यनेला. दहा दिवसांचं ध्यानाचं शिबिर. पहाटे चारला घंटा, फोन नाही, वाचन नाही, लिहिणं नाही, आणि आर्य मौन, म्हणजे कुणाशी अवाक्षर बोलायचं नाही. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी येणारा-जाणारा श्वास बघायचा. तो मोजायचाही नाही, त्याला नाव द्यायचं नाही. मग अंगभर फिरत जे जाणवेल ते बघायचं. खाज आली तरी बघायची, खाजवायचं नाही. ही बाई कुकरची शिट्टी होईपर्यंत गप्प बसत नाही, त्यामुळे घरात पैजा लागल्या होत्या. पण जाऊबाई पुरे दहा दिवस राहिल्या. दहाव्या दिवशी मौन सुटतं. मी आणायला गेले होते, तर इगतपुरी ते कल्याण मला एक वाक्य मध्ये घालता आलं नाही. शेवटी विचारलं, ‘अगं, पण मिळालं काय?’ तर म्हणाल्या, ‘गुडघे. मला दोन गुडघे आहेत हे कळलं.’ त्यानंतर महिनाभर त्या भाजीवाल्याशी भांडल्या नाहीत, हे मान्य करायला हवं. मग भांडल्या.

२१ जूनला सोसायटीच्या गच्चीवर योगदिन आहे. कुठल्या पद्धतीचा, ते सेक्रेटरींनाही ठाऊक नाही. टी-शर्ट फुकट आहेत. मी एक्सएल सांगितलाय.