क्लिक मोजून कोण टिकेल ते कळतं?

बुधवार, रात्री उशिरा

कोण कोर्स मध्येच सोडेल, हे संगणकाच्या मॉडेलनं आधीच ओळखायचं, म्हणून आज एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला मुलांना ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा डेटा दिला. 2013 आणि 2014 च्या तुकड्या, 32,593 नोंदी, अभ्यासक्रमांची नावं झाकून एएए ते जीजीजी. वयोगट, आधीचं शिक्षण, राहत्या भागाची गरिबी-श्रीमंती आणि ऑनलाइन साहित्यावरचे रोजचे क्लिक. कोर्स मध्येच सोडलेले 10,156.

सोडल्याच्या तारखेचा कॉलम बघत बसावा असा आहे. दिवस कोर्स सुरू झाल्यापासून मोजलेत, म्हणून कित्येकांपुढे उणे आकडे. नाव नोंदवलं आणि पहिला दिवस उजाडायच्या आत परतही फिरले. क्लिक मोजणारं मॉडेल यांचं काय करणार, कपाळ!

एका गटाचं मॉडेल भलतंच अचूक आलं. स्वारी खुशीत. विचारलं, क्लिक कुठपर्यंतचे घेतलेत? "पूर्ण कोर्सचे, मॅडम." इथंच पाणी मुरत होतं. जो तिसऱ्या महिन्यात गेला त्याचे पुढचे क्लिक शून्यच असणार ना. हे भाकीत नव्हे, निकाल फुटल्यावर सांगितलेलं भविष्य. पहिल्या चार आठवड्यांचेच क्लिक ठेवायला लावले, तशी अचूकता धाडकन खाली आली. तीही 69 टक्क्यांशी ताडून बघायची, कारण "कुणीच सोडणार नाही" असं डोळे मिटून म्हटलं तरी तेवढं बरोबर येतंच. पोरं हिरमुसली. मला मात्र आजचा तास सत्कारणी लागल्यासारखा वाटला.

मग त्यांना पर्ड्यूची गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या इंडियानामधल्या या विद्यापीठात गुण आणि ऑनलाइन हजेरीवरून प्रत्येक विद्यार्थ्याला लाल, पिवळा नाहीतर हिरवा दिवा दाखवायचे. असे दोन किंवा जास्त कोर्स केलेली मुलं कॉलेजात अधिक टिकतात, असा मोठा गाजावाजा झाला. 2013 मध्ये शिक्षण-तंत्रज्ञानातले अभ्यासक मायकेल कॉलफिल्ड यांनी शंका काढली: जो टिकतो, त्याच्याच वाट्याला असे कोर्स जास्त येणार की! त्याच क्षेत्रातले अल्फ्रेड एसा यांनी तर संगणकावर दिव्यांऐवजी काल्पनिक मुलांना यदृच्छेने चॉकलेटं वाटून पाहिली. चॉकलेटंही तितकीच गुणकारी निघाली. इथे वर्ग हसला.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, "लाल दिवा लागल्यावर फोन कोण करतं?" हा खरा प्रश्न. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठानं 2012 मध्ये 800 च्या वर धोक्याच्या खुणा रोज तपासणारी यंत्रणा बसवली, त्याचं नाव सगळे घेतात. पण त्याच सुमारास तिथे 42 नवे सल्लागारही नेमले होते, हे कुणी फारसं बोलत नाही. दोन्ही जोडीनंच आल्यावर गुण कुणाचा आला, हे नुसत्या आधी-नंतरच्या टक्केवारीवरून कसं ठरवणार? कोणत्या मुलांना नवे सल्लागार द्यायचे आणि कोणत्यांवर यंत्रणेची नजर ठेवायची, ते आधी चिठ्ठ्या टाकून ठरवायला हवं होतं. पुढच्या बुधवारी हेच देते. प्रयोगाची आखणी कागदावर, संगणक बंद.