फोंडा घाटातली 35 मिनिटं

देवगडकडच्या आमच्या मंडळाची ॲम्ब्युलन्स मी बारा वर्षं चालवतोय, पण परवाच्या फेरीपासून झोप लागत नाहीये.

पेशंट रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीवर, जाणारे म्हातारे, न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले कोल्हापूरला हलवा. ऑक्सिजनचा छोटा बी टाइप सिलिंडर भरलेला असला तर साधारण 1500 लिटर, मिनिटाला 8 लिटरने सोडला की तीन तासांत रिकामा, आणि आम्हाला लागतात साडेतीन. म्हणून दुसरा घेतला, तो निम्माच भरलेला, त्यात त्याचं स्टँड कधीच तुटलंय. खाऱ्या वाऱ्याने गाडीचा खालचा पत्रा असा खाल्लाय की वेल्डिंग धरतच नाही, ठिणगी लागली की तिथेच भोक. मी तो सिलिंडर जाळ्याच्या दोरीने बाकाला बांधतो, चार वेढे आडवे दोन उभे, वळणावर तसूभर हलत नाही.

फोंडा घाटात बॉनेटखालून वाफ. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर तोंडच भाजेल, निवेपर्यंत थांबायलाच लागतं, 35 मिनिटं. मागे त्यांची मुलगी सिलिंडरच्या मीटरवर नजर लावून. "ओ काका, काटो खाली इलो, बाबांका काय होवचा नाय मां?" मी होवचा नाय म्हटलं, आणि काय म्हणणार. राधानगरीच्या पुढे सिलिंडर बदलला, पोचलो तेव्हा दुसऱ्याचाही काटा तळाला. बाबा अजून आयसीयूत आहेत, डॉक्टर म्हणतात उशिराने फरक पडला नाही. मला पटत नाही.

नवीन गाडीचा विषय 2019 पासून चालू आहे. 2020 ला बीएस-6, म्हणजे धुराचे नवे नियम आले, किमतीचा आकडा वर गेला. पूर्वी साध्या व्हॅनमध्ये बाक ठोकला की काम व्हायचं, आता एआयएस-125 या ॲम्ब्युलन्सच्या मानकाप्रमाणे बनलेलीच लागते, ते बरोबरच आहे, पण खर्च वाढला. आमची मीटिंग चाकरमानी आले की, म्हणजे गणपती, शिमगा आणि मे, आणि कोटेशनची मुदत 30 दिवस! ठराव होईपर्यंत भाव बदललेला, परत वर्गणी. सप्टेंबर 2025 ला ॲम्ब्युलन्सवरचा जीएसटी 28 टक्क्यांचा 18 टक्के झाला तेव्हा मी स्वतः सेक्रेटरींना फोन केला की आत्ताच बुक करा, तर म्हणाले शिमग्याच्या मीटिंगमध्ये ठेवू. देवळाच्या सभामंडपाला मात्र एका मीटिंगमध्ये पैसे जमले. देऊळ हवंच, पण म्हाताऱ्याला घेऊन घाटात उभं राहून बघा एकदा.

काल परत कोटेशन मागवलं, आलं. मुदत 30 दिवस. गणपतीला अजून तीन महिने आहेत.