आगोटीच्या आत जुन्या गाडीची रबरं

कोकणात जुनी गाडी ठेवायची तर दरवाजांची आणि काचांची रबरं मृगाआधीच बदलून घ्यावीत. पाऊस सुरू झाल्यावर हे काम नीट होत नाही. रबर चिकटवायच्या सोल्युशनमधला थिनर उडताना पत्र्याचा पृष्ठभाग गार पडतो आणि जूनच्या दमट हवेतलं बाष्प त्याच्यावर बसतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण चिकट थर आणि रबर यांच्यामध्ये पाणी राहतं आणि थोड्याच दिवसांत कोपरे सुटतात. म्हणून एप्रिल ते मेचा तिसरा आठवडा हा बसवण्याचा काळ. रबर शोधायला मात्र शिमग्याच्याही आधी लागायचं, कारण खरा वेळ तिथेच जातो.

शोधताना सर्वांत मोठा घोळ होतो तो गाडीच्या नावाने रबर मागितल्यामुळे. “पद्मिनीचं (जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं) दरवाजाचं रबर द्या” म्हटलं की दुकानदार जे हाताला लागेल ते काढून देतो. मुंबईत पद्मिनीच्या काळ्यापिवळ्या टॅक्सी धावत होत्या तोवर पद्मिनीच्या रबराला रोजचं गिऱ्हाईक होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटी नोंदणी झालेल्या पद्मिनी टॅक्सीचीही २० वर्षांची मुदत संपली. आता ‘कंपनीचं, कधी न वापरलेलं’ म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा वर्षानुवर्षं फळीवर पडून वाळलेलं असतं. पाकीट फोडलेलं नसलं म्हणून आतलं रबर ताजं राहत नाही. त्याहून जुनी डुक्कर फियाट असेल, तर तिचे पुढचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले, उलटे उघडणारे. तिच्या दरवाजाला पद्मिनीची बीडिंग (रबराची पट्टी) बसेलच असं धरून चालू नये.

नाव विसरा, छेद मागा, म्हणजे कापलेल्या रबराच्या टोकाचा आकार. जुनं रबर काढताना जिथे ते कमी ताणलेलं आणि कमी दबलेलं आहे, साधारणपणे बिजागरीच्या बाजूला खालच्या अंगाला, तिथला बोटभर तुकडा धारदार ब्लेडने काटकोनात कापा. कापलेलं टोक स्टॅम्पपॅडवर दाबून कागदावर ठसा उमटवा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवा आणि फोटो काढा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत हा फोटो पाठवला की फोनवरची निम्मी वादावादी वाचते. सोबत तीन मापं लिहा: रबराच्या पोकळ, दबणाऱ्या भागाचा म्हणजे फुग्याचा व्यास, पत्र्याच्या ज्या कडेवर रबर चढतं तिची रंगासकट जाडी, आणि कडेची उंची. कड व्हर्नियरने चार-पाच ठिकाणी मोजा. पूर्वी कोणी डेंटरने पत्र्यावर पत्रा वेल्ड केला असेल, तर जाडी एका जागी दीड मिलिमीटर आणि दुसरीकडे चार भरते. तिथे क्लिपवालं, कडेला चिमट्यासारखं धरणारं रबर एक तर चढत नाही, नाही तर ढिलं बसतं.

लांबी जुन्या रबरावरून घेऊ नका. रबर वर्षांनुवर्षं आखडतं. दरवाजाच्या चौकटीभोवती सुतळी फिरवून मोजा. लहान चारदरवाजी गाडीला एका दरवाजामागे साधारण साडेतीन ते चार मीटर लागतं. त्यावर प्रत्येकी वीतभर जास्त घ्या.

आता माल ओळखायचा कसा. दरवाजा आणि डिकीला ईपीडीएम या कृत्रिम रबराचं स्पंज हवं. ऊन, पाऊस आणि हवेतला ओझोन यांना ते टिकतं. पेट्रोल, ऑइल आणि ग्रीसला मात्र टिकत नाही, फुगतं. नैसर्गिक रबर ओझोनने तडकतं, आणि तडे नेहमी ताणाला आडवे जातात. म्हणून जुन्या बीडिंगचे कोपरे आधी फाटलेले दिसतात. स्वस्तातली पीव्हीसी बीडिंग पहिल्या वर्षी छान दिसते, पुढच्या उन्हाळ्यात लाकूड होते. ओळखायला तांब्याची तार लाल तापवून रबराला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर मालात क्लोरीन आहे. निओप्रीन हे कृत्रिम रबरही हिरवी ज्योत देतं, पण ती नाहीच झाली तर पीव्हीसी नाही एवढं नक्की. (हे मोकळ्या हवेत करा, धूर नाकात घेऊ नका.) तुकडा पांढऱ्या कागदावर घासून पाहा. काळा पट्टा उमटला तर तो माल घेऊ नका, तोच पट्टा उद्या नव्या रंगावर उमटणार आहे.

कोकणातच मिळण्यासारखं काय? काचेच्या बाबतीत बरंच. जीपसारख्या सपाट काचेच्या गाडीला ट्रक-बसच्या बॉडीवाल्यांकडे मीटरवर मिळणारं दुहेरी खाचेचं रबर चालतं, ज्यात वरून वेगळी लॉकिंग पट्टी भरतात. एक खाच काचेची, दुसरी पत्र्याची. दोन्हींची मापं जुळली पाहिजेत. काचेची खाच एक मिलिमीटर मोठी असली तरी पाणी आत येतं. बाक असलेल्या काचेला आणि कोपऱ्यात साच्यात ओतलेल्या रबराला हा मीटरचा माल लावू नका, कोपऱ्यात तो दुमडतो. पुढच्या दरवाजातल्या तिकोनी काचेचं रबर तर साच्यातलंच लागतं, डावं-उजवं वेगळं. ते सर्वांत दुर्मिळ, म्हणून आधी शोधायचं. जुनं फाटलेलं असलं तरी फेकू नका. नवं मिळालं नाही तर साचा पाडायला नमुना तोच. काच वर-खाली होते त्या चॅनेलमधलं फेल्ट मात्र अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या बनवणाऱ्याकडच्या ब्रशपट्टीने भागवू नये. त्या पट्टीला आत पत्र्याचा कणा नसतो, वळणावर ती बाहेर येते आणि काच खडखडते.

रबर हातात आलं तरी लगेच चिकटवायचं नाही. आधी दरवाजा. उघडा दरवाजा खालून दोन्ही हातांनी उचलून पाहा. वर-खाली हलला तर बिजागरीची पिन आणि बुश गेलेत, आणि अशा दरवाजाला कितीही जाड रबर लावलं तरी वरचा मागचा कोपरा गळणारच. ते झालं की कणकेची चाचणी. घट्ट मळलेल्या कणकेच्या गोळ्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर आठ-दहा ठिकाणी ठेवा, दरवाजा हळूच लावा, उघडा आणि दबलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. फट ही फुग्याच्या व्यासाच्या साधारण ६० ते ७० टक्के असावी. १४ मिलिमीटरच्या फुग्याला साडेआठ-साडेनऊची फट बरी. एका टोकाला पाच आणि दुसऱ्या टोकाला बारा भरत असेल तर काम रबराचं नाही, डेंटरचं आहे.

मग पत्र्याची कड. जुनं सोल्युशन प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, उरलेलं थिनरच्या फडक्याने. खाली गंज दिसणारच. खाऱ्या हवेत ओलं स्पंज पत्र्याला कायम चिकटून राहिलं की दुसरं काय होणार! जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणला बुडालेल्या गाड्या घेणाऱ्यांनी तर फुग्याच्या पोकळीत गाळ आहे का ते कापून पाहावं. गंज मोकळ्या पत्र्यापर्यंत काढून इपॉक्सी प्रायमर द्या. नुसतं रेड ऑक्साईड सच्छिद्र असतं, त्यातून ओल आत जाते. नवा रंग पुरता वाळल्याशिवाय सोल्युशन लावू नका, त्यातला थिनर रंग उचलतो.

क्लिपवाल्या रबराला चिकटवायची गरज नसते. सपाट पाठीच्या रबराला गाडीच्या बीडिंगसाठीचं काळं अ‍ॅडहेसिव्ह घ्या. सनमायकाचं सोल्युशन ईपीडीएमला धड धरत नाही. दोन्ही बाजूंना पातळ थर, बोटाला चिकटेनासा झाला की जोडा. सुरुवात खाली, पायदाणीच्या मध्याजवळ. रबर ओढायचं नाही, उलट किंचित ढकलत भरत जायचं, कोपऱ्यात जरा जास्त. शेवटची दोन टोकं एक-दीड सेंटिमीटर लांब ठेवून दाबून भिडवा. जोडाला सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) चालतं, पण एकच थेंब; जास्त पडलं तर तेवढी जागा दगडासारखी होते आणि तिथूनच पाणी शिरतं. फुग्याला आतल्या, कोरड्या बाजूने हवा जायला दोन-तीन मिलिमीटरची भोकं आहेत ना ते पाहा. नसली तर हवा अडकते आणि दरवाजा आपटल्याशिवाय लागत नाही. सुरुवातीला दरवाजा जड लागणं साहजिक आहे. लगेच स्ट्रायकर (दरवाजाचं लॉक चौकटीवर ज्यात अडकतं तो तुकडा) बाहेर सरकवू नका, दोन आठवडे गाडी दरवाजे बंद करून ठेवा. रबरावर टाल्कम पावडर फिरवली तर ते नव्या रंगाला चिकटत नाही.

पुढच्या काचेला माणसं दोनच लागतात, पण घाई नको. रबर काचेवर चढवा, पत्र्याच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी भरा, दोन्ही टोकं खाली मध्यभागी एकमेकांवरून घेऊन गाडीच्या आतल्या बाजूला सोडा. साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन लावा. ग्रीस आणि रॉकेल अजिबात नको. काच बाहेरून चौकटीत टेकवून एकाने तळहाताने दाबायचं, दुसऱ्याने आतून दोरी ओढायची, म्हणजे रबराची ओठासारखी कड पत्र्याच्या आत उलटते. लॅमिनेटेड काच कोपऱ्यात मुठीने ठोकली की तडकते. शेवटी रबर आणि काचेच्या मध्ये न वाळणारं ब्युटिल सीलंट भरा. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो.

पाण्याची चाचणी नळीने, मंद धारेने, खालून वर. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं. वरून सुरुवात केली तर पाणी खाली ओघळून सगळीकडेच ओलं दिसतं आणि भोक कुठलं ते कळत नाही. पुढच्या पायाशी ओल असेल तर काचेच्या खालच्या कोपऱ्यांइतकाच संशय वायपरखालच्या जाळीवर आणि फायरवॉलमधल्या (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातल्या) वायरींच्या ग्रोमेटांवर, म्हणजे रबरी बुचांवर, घ्या. डिकी ओली असेल तर मागच्या दिव्यांचे गॅस्केट.

एक गोष्ट मात्र पुष्कळांना माहीत नसते. काचेच्या कडेने दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच, गाडी बनवणाऱ्याने ते धरूनच खाली भोकं ठेवलेली असतात. पागोळ्यांखाली किंवा आंब्याखाली उभ्या गाडीत ही भोकं पानांच्या चुऱ्याने आणि लाल मातीने बुजतात, मुंग्या त्यात घर करतात. पाणी साठतं, आणि दोष नव्या रबराला दिला जातो. महिन्यातून एकदा तार फिरवून ती मोकळी करा. दरवाजाच्या आतल्या पॅनलमागचा प्लॅस्टिकचा कागद फाटला असेल तर नवा लावा, त्याचं खालचं टोक दरवाजाच्या पोटातच जायला हवं. बाहेर राहिलं तर पाणी थेट गालिच्यावर उतरतं.

उरलेलं रबर पावडर लावून, सैल गुंडाळून अंधाऱ्या जागी ठेवा. विहिरीच्या पंपाच्या खोलीत नको. ब्रशवाली मोटर असली तर तिच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो आणि न वापरलेलं रबरही तडकतं.