डब ऐकतेय, चौथा महिना: रिकामी सम आणि जोडीने ऐकायची पद्धत

डब म्हणजे जमैकातल्या रेगे गाण्याची टेप घेऊन, आवाज आणि वाद्यं काढत-घालत, इको देत केलेलं त्याचं नवं रूप. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ऑगस्टस पाब्लोचा 'किंग टबीज मीट्स रॉकर्स अपटाउन' (१९७६) हा डब अल्बम ऐकला, छान आहे पण हाती काही लागलं नाही, गाणं नक्की कुठेय तेच कळत नाही. ते सगळं मागे घेते. दोन महिने मी हे मोबाईलच्या स्पीकरवर ऐकत होते आणि त्यात बेस जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि डबमध्ये तर बेसच गातो. दादाचे जुने जाडजूड हेडफोन शोधून काढले आणि तोच रेकॉर्ड परत लावला तर खाली एक अख्खी चाल चाललेली, जी मी आजवर ऐकलीच नव्हती! नवीन येणाऱ्यांना एवढंच सांगेन, आधी ऐकायची सोय करा, मग रेकॉर्ड शोधा.

दुसरी अडचण ठेक्याची होती. मी लहानपणी पाच वर्षं तबला शिकले, त्यामुळे काहीही लावलं की हात आपोआप सम शोधतो. रेगेतल्या 'वन ड्रॉप' ठेक्यात (बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचा ड्रमर कार्लटन बॅरेट यासाठी प्रसिद्ध) चारपैकी पहिल्या मात्रेवर किक ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजतच नाही, किक आणि स्नेअर (काडीने वाजवायचा कडक आवाजाचा ड्रम) मिळून तिसरीवर पडतात. मी एकवर हात आपटायचे आणि तिथे काहीच नसायचं, खूप चिडचिड व्हायची. मग एकदा भांडी घासताना रूपक ताल आठवला. रूपकात समेवरच खाली असते ना, सर टाळी न देता हात उलटा करून दाखवायचे आणि तरी सगळ्यांना सम बरोब्बर कळायची. रूपक सात मात्रांचा, हा चारचा, दोन्ही एकच असं अजिबात म्हणत नाहीये, पण समेवर आघात नसला तरी सम तिथेच असते हे अंगात होतंच, फक्त इथे वापरायचं सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून चिडचिड बंद.

आता पद्धत. मी डब सुटा ऐकणं सोडलंय, जोडीने ऐकते. आधी मूळ गाणं, चांगलं तीन-चार वेळा, पाठ होईपर्यंत, आणि मग डब. पाब्लोच्या त्या अल्बमचा शीर्षक-ट्रॅक हा गायक जेकब मिलरच्या 'बेबी आय लव्ह यू सो'चा डब आहे. मूळ गाणं पाठ झाल्यावर डबमध्ये मिलरचा आवाज अर्ध्या शब्दावर येतो आणि इकोत विरून जातो तेव्हा पुढची ओळ आपणच मनात म्हणतो. डब सुरू झाला तोच मुळी असा! ६० च्या दशकाच्या शेवटी निर्माता ड्यूक रीडच्या ट्रेझर आयल स्टुडिओत, साउंड सिस्टीम (मोठे स्पीकर लावून नाचाचे कार्यक्रम करणारा संच) चालवणाऱ्या रडी रेडवुडसाठी पॅरागॉन्स या गायकगटाच्या गाण्याची डबप्लेट (एकच खास प्रत) कापताना गायकांचा आवाज घालायचा राहून गेला, रेडवुडने ती तशीच साउंड सिस्टीमवर वाजवली आणि नाचणाऱ्या लोकांनीच गाणं म्हटलं. मग सिंगलच्या दुसऱ्या बाजूला 'व्हर्जन', म्हणजे त्याच गाण्याचं आवाजाविना रूप, द्यायची पद्धतच पडली.

आणि त्या अल्बमच्या नावातला किंग टबी, ज्याने हे डब मिक्स केले. खरं नाव ऑस्बर्न रडॉक, जमैकातल्या किंग्स्टनच्या वॉटरहाउस भागात रेडिओ, ट्रान्सफॉर्मर, अँप्लिफायर दुरुस्त करणारा माणूस. ड्रॉमिली अ‍ॅव्हेन्यूवरच्या राहत्या घरात स्टुडिओ, बाथरूमचं व्होकल बूथ केलेलं, आणि डायनॅमिक स्टुडिओने काढून टाकलेलं चार ट्रॅकचं मिक्सर. चारच! साधारण ड्रम एकावर, बेस एकावर, गिटार-कीबोर्ड एकावर, आवाज एकावर. बँड तिथे नसायचाच, दुसऱ्या स्टुडिओत वाजवलेली टेप यायची आणि हा फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या) खालीवर करत ती नव्याने वाजवायचा. ते झांज पातळ होत होत सुईसारखी वर जाते ना, तो त्या मिक्सरवरचा हाय पास फिल्टर (खालचे सूर कापणारा), एक मोठी खटका-खटका फिरणारी बटण-चकती, आणि गडगडाट झाल्यासारखा आवाज येतो तो स्प्रिंग रिव्हर्बच्या (स्प्रिंगमधून घुमारा देणाऱ्या यंत्राच्या) डब्याला दिलेला धक्का. मला यातलं सगळ्यात काय आवडतं तर दुरुस्तीवाल्याचा हात, यंत्र आतून माहीत असलेल्या माणसालाच ते असं वाजवता येणार.

या महिन्यातली सगळ्यात चांगली जोडी बर्निंग स्पिअरची, 'मार्कस गार्वी' (१९७५) आणि त्याचा डब 'गार्वीज घोस्ट' (१९७६). काही लोक याला फार सौम्य म्हणतात आणि टबीनंतर तसा तो वाटतोही, पण ब्रास (ट्रम्पेटसारखी फुंकवाद्यं) बरंचसं जागेवर राहतं त्यामुळे वाट चुकत नाही, नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. सायंटिस्ट नावाच्या डब मिक्सरचा व्हॅम्पायरवाला अल्बम (१९८१) दोनदा ऐकला, त्यात वाजवणाऱ्या रूट्स रॅडिक्स बँडचा बेस जबरदस्त, बाकी नंतर लिहीन.

दुसरा मोठा डबवाला, ली पेरी, मात्र अजून अवघड जातोय. त्याचा 'सुपर एप' (१९७६) तीनदा लावला. टबी काढत जातो, पेरी भरत जातो, त्याच्या ब्लॅक आर्क स्टुडिओमध्येही चारच ट्रॅक पण एकावर एक उतरवत, थरावर थर, सगळं धुरातून आल्यासारखं. आवडत नाही असं नाही, कुठे बघायचं ते कळत नाहीये. घाई करणार नाही.

रेकॉर्डचं दुःख: सेकंडहँड टर्नटेबल घेतलं, कीथ हडसनचा 'पिक अ डब' मागवला आणि ऑनलाइन विक्रेत्याकडून तो वाकडा आला, पहिल्या ट्रॅकवर सुई प्रत्येक फेरीला उडी मारते. बदलून मिळाला नाही. सध्या दोन जाड काचांमध्ये दाबून ठेवलाय, कोणी असं करून रेकॉर्ड सरळ केला असेल तर किती दिवस ठेवायचा ते सांगा प्लीज.

पुढच्या महिन्यासाठी याबी यू या रेगे गायकाचा 'कॉन्करिंग लायन' आणि त्याचा टबीने केलेला 'प्रॉफेसी ऑफ डब' काढून ठेवलेत. मूळ अल्बम कालपासून सुरू केलाय, दोन गाणी पाठ झाली, डबला अजून हात लावलेला नाही.