तुम्ही विचारलंत म्हणून: बोट मागे का घेतली?

41 सेकंदांचा तो व्हिडिओ अजून फिरतोच आहे. दर दोन-तीन महिन्यांनी तो नव्या कुणाला तरी सापडतो, त्यातली लाल जाकिटातली बाई मी आहे हे त्यांना कळतं आणि निरोप येतो: "सील जीव वाचवायला तुमच्या बोटीकडे आला होता. तुम्ही बोट मागे का घेतलीत?" कुणी साधेपणाने विचारतं, कुणी आधी दोन शिव्या हासडून मग विचारतं. एकेकाला उत्तरं देऊन थकले. तेव्हा एकदाच सगळं लिहिते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: अंटार्क्टिक द्वीपकल्प, मार्गरिट उपसागर, जानेवारी महिना. मी जहाजावर गाईड. झोडियाकमध्ये, म्हणजे हवा भरलेल्या रबरी बोटीत, दहा प्रवासी आणि इंजिनाच्या दांड्यावर मी. समोर बर्फाच्या लादीवर एक वेडेल सील, भोवती पाच ऑर्का, म्हणजे सीलची शिकार करणारे 'किलर व्हेल'.

माझं ठरलेलं उत्तर पाठ झालंय. माद्रिद प्रोटोकॉल, म्हणजे अंटार्क्टिकाच्या पर्यावरणाच्या रक्षणाचा करार, 1991 मध्ये झाला, 1998 पासून लागू आहे. परवान्याशिवाय तिथल्या प्राण्यांना हात लावायचा नाही, त्यांच्या जगण्यात ढवळाढवळ करायची नाही. वाढ झालेला वेडेल सील 400 किलोच्या पुढे जातो. तो बोटीच्या कडेवर चढला तर दहा माणसं शून्याच्या आसपासच्या पाण्यात, आणि त्याच पाण्यात पाच ऑर्का. शिवाय ऑर्कांनाही पोट आहे. त्या कळपात एक पिल्लू होतं. त्याची चौकशी आजवर एकानेही केलेली नाही.

कुणी फारच ताणलं तर मी 2003 चं उदाहरण काढते. याच भागात, रोथेरा तळाजवळ, लेपर्ड सीलने एका ब्रिटिश संशोधिकेला पाण्याखाली ओढून नेलं. ती वाचली नाही. एवढं सांगितलं की समोरचा गप्प होतो. पण तो लेपर्ड सील होता. वेडेल सीलच्या शेजारी बर्फावर बसून लोक नोंदी घेतात आणि तो फार तर एक डोळा किलकिला करून बघतो. हे मला माहीत असतं, तरी मी ते उदाहरण देते. कुणाच्या मरणाचा असा वापर करणं बरं नव्हे. यापुढे देणार नाही.

आता प्रत्यक्ष काय झालं ते. व्हिडिओ सुरू होण्याआधी चाळीसेक मिनिटं आम्ही तिथे होतो. हे ऑर्का चित्रातल्यासारखे काळे-पांढरे नसतात, करडे असतात, आणि अंगावर सूक्ष्म शैवाल चढल्यामुळे पांढरा भागही पिवळट दिसतो. आधी एकेक जण पाण्याबाहेर डोकं काढून लादीवर कोण आहे ते बघतो. क्रॅबईटर सील असला तर बहुतेकदा पुढे निघून जातात. वेडेल असला की थांबतात. मग तिघे-चौघे अंगाला अंग लावून रांगेत येतात, शेपट्या एका तालात, आणि लादीच्या तोंडाशी आले की एकदम खाली बुडी. मागून येणारी लाट लादीवरून वाहून जाते. पहिल्या लाटेत लादी दुभंगली. दुसरीत सील पाण्यात पडला, पण परत चढला. तिसरीनंतर चढायला लादीच उरली नाही, नुसता चुरा.

तो आमच्या डाव्या बाजूला वर आला. नाकपुड्या उघडल्या, फुस्सकन श्वास सोडला आणि माशाचा उग्र वास थेट तोंडावर आला. वेडेल सीलचं तोंड कडांना किंचित वर वळलेलं असतं, त्यामुळे तो कायम हसल्यासारखा दिसतो. तेव्हाही दिसत होता. त्याने पुढचे पंजे बोटीच्या फुगीर कडेवर टेकले आणि नखं रबरावरून घसरली. फुग्यावर ओलं बोट फिरवल्यावर येतो तसा आवाज. पुन्हा टेकले, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा हनुवटी कडेवर ठेवली, बोट त्याच्याकडे कलली, एका प्रवाशाने हात पुढे केला. "हात आत!" हे माझं ओरडणं व्हिडिओत आहे. आणि मी रिव्हर्स टाकला.

व्हिडिओत जे दिसत नाही ते हे: रिव्हर्स टाकताना मी मागे बघितलं नाही. इंजिनाच्या पाण्यातल्या पंख्यापाशी काय आहे ते आधी बघायचं असतं, नव्या गाईडांना मीच हे शिकवते. म्हणजे ढवळाढवळ नको म्हणणाऱ्या बाईने फिरता पंखा, न बघता, एका सीलच्या अंगाशी चालवला. त्याला लागलं नाही हे नशीब. मी घाबरले होते, बस. नियम मला आठवला तो जहाजाच्या शिडीवर.

बोट सहा-सात मीटर मागे गेली. सील तिथेच राहिला, मान वर काढून. आमच्याकडे बघत नव्हता. मघाशी जिथे आमची कड होती त्या रिकाम्या पाण्याकडे बघत होता. मग मागच्या पंजांना धरून त्याला खाली ओढलं. रक्त नाही, आवाज नाही. काही मिनिटांनी चरबीचे तुकडे वर आले आणि पेट्रेल पक्षी जमले. व्हिडिओ त्याआधीच संपतो.

त्या रात्री मी नोंदवहीत लिहिलं: "सीलने बोटीवर चढण्याचा प्रयत्न केला. बोट सुरक्षित अंतरावर नेण्यात आली." नेण्यात आली! कुणी नेली, बाई? ती चार वर्षांपूर्वीची मी लगेच फणकारेल, दहा माणसं घेऊन बसलीस का कधी दांड्यावर? बसलेय की, तूच तर मी. आणि तिचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. आज तोच सील आला तरी मी बोट मागेच घेईन. फक्त मागे बघून.

काही जण मला हंपबॅक व्हेलची गोष्ट पाठवतात. 2009 मध्ये रॉबर्ट पिटमन या संशोधकाने ती पाहिली: ऑर्कांनी पाण्यात पाडलेला वेडेल सील उताण्या पोहणाऱ्या हंपबॅकच्या छातीवर येऊन पडला, घसरू लागला तर व्हेलने पराने त्याला परत वर ढकललं. पुढे 2016 मध्ये पिटमन आणि सहकाऱ्यांनी हंपबॅक आणि ऑर्का यांच्या 115 चकमकी एकत्र करून लेख लिहिला. "एका व्हेलला कळतं, तुम्हाला कळत नाही?" ऑर्का हंपबॅकची पिल्लं खातात, त्यामुळे ते दिसले की हंपबॅक अंगावर जातात, मध्ये शिकार कुणाची का असेना. त्यात दया किती आणि वैर किती, हे ठरवायच्या फंदात मी पडत नाही. आणि 30 टनांच्या जनावराला उलटायची भीती नसते.

पण तुमचा प्रश्न मला जाचतो तो वेगळ्याच कारणाने. बोट मागे का घेतली हे सगळे विचारतात. बोट तिथे का होती, हे कुणीच विचारत नाही.

पहिल्या लाटेनंतर मी जागा बदलली होती. ऊन डोळ्यांवर येत होतं, फोटो काळे येत होते. म्हणून मी बोट फिरवून दोन लाद्यांच्या मधल्या पाण्यात आणली, ऊन पाठीशी. दुसरी लादी जाड होती, पहिलीच्या तिप्पट, आमच्यापासून तीसेक मीटरवर. सील आमच्याकडे आसऱ्याला आला असं तुम्ही म्हणता. मला वाटतं तो त्या लादीकडे निघाला होता आणि वाटेत आम्ही लागलो. तीनदा नखं घसरवण्यात त्याचे दहा-बारा सेकंद गेले. माझा एक सहकारी म्हणतो, ऑर्कांनी त्याला तीस मीटर जाऊच दिलं नसतं. नसेलही दिलं. मी त्याच्याशी वाद घालते, आणि तो नसला की त्याच्याच बाजूने स्वतःशी.

आता लादीवर सील आणि पाण्यात ऑर्का दिसले की मी दोनशे मीटरवर थांबते, मोकळ्या पाण्याच्या बाजूला, आपल्यामागे दुसरी लादी नाही हे बघून. तिथून लाट म्हणजे नुसती एक पांढरी रेघ. प्रवासी कुरकुरतात, एवढे पैसे भरले आणि दिसलं काहीच नाही. गेल्या हंगामात एकाने लेखी तक्रार केली. त्याआधी त्याने मला फोन पुढे करून दाखवला होता, असं जवळून न्या म्हणून. फोनवर तोच व्हिडिओ होता. जाकिटावरून त्याने मला ओळखलं नाही.