घरच्या घरी जमैकन जर्क मसाला: माझा अनुभव

जर्क म्हणजे मसाला चोळून मांस मंद धुरावर भाजण्याची जमैकन पद्धत. जर्क मसाल्याचा जीव दोन गोष्टींत आहे: ऑलस्पाइस, म्हणजे मिरीसारखे सुगंधी दाणे, आणि स्कॉच बॉनेट मिरची. बाकीची यादी घरागणिक बदलते. लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारात या दोन्ही वस्तू ताज्या मिळतात, म्हणून बाटलीतला तयार मसाला आणणं मी बंद केलं. कृती शिकवली शेजारच्या जमैकन आंटींनी. ऑलस्पाइसला त्या पिमेंटो म्हणतात, आणि ते घालताना हात आखडलेला त्यांना अजिबात खपत नाही.

या मसाल्यामागचा इतिहास मोठा आहे. 1655 मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून जमैका घेतलं. त्या धामधुमीत गुलामगिरीतून निसटलेले आफ्रिकी लोक डोंगरात शिरले, पुढेही अनेक जण मळ्यांवरून पळून त्यांना मिळत राहिले. हेच मरून. बेटावरचे मूळचे ताइनो लोक मांस मंद धुरावर भाजत, ती विद्या मरूनांकडे आली. रानडुकराची शिकार करायची, मांसाला मीठ, पिमेंटो आणि मिरची चोळायची म्हणजे ते टिकतं, आणि खड्ड्यात झाकून शिजवायचं म्हणजे धूर फारसा वर जात नाही, मागावरच्या सैनिकांना ठिकाण कळत नाही, असं सांगतात. शेवटी 1739 मध्ये इंग्रजांना मरूनांशी तह करावा लागला. हे कळल्यापासून मसाला चोळताना मला त्या माणसांची आठवण येतेच.

आता कृती. दीड किलो चिकनच्या तंगड्यांना मी दोन मोठे चमचे अख्खं ऑलस्पाइस घेते. मिरीपेक्षा जरा मोठे, तपकिरी, खरखरीत दाणे. मंद आचेवर हलकेच गरम करून खलबत्त्यात कुटले की लवंग, जायफळ आणि दालचिनीचा वास एकदमच दरवळतो. त्याऐवजी गरम मसाला घालून भागत नाही, चव भलतीकडेच जाते. आमच्या कोकणात याचं झाड परसात लावतात, सर्वसुगंधी म्हणतात, आणि पानं पुलावात टाकतात. जर्कला मात्र दाणेच हवेत.

स्कॉच बॉनेट तीन पुरतात. पिवळी-लाल, चेपलेल्या टोपीसारखी ही मिरची लवंगी मिरचीला सहज मागे टाकते, पण तिखटाच्या आधी तिचा फळासारखा गोडसर वास येतो, आणि खरं मोल त्या वासाचं आहे. हातमोजे घालूनच चिरायची. तिखट कमी हवं असेल तर बिया आणि आतल्या पांढऱ्या शिरा काढायच्या. मग पातीचा कांदा भरपूर, आलं, लसूण, ताजं थाइम, जायफळ, दालचिनी, मिरी, दोन चमचे ब्राउन शुगर, लिंबाचा रस, थोडा सोया सॉस, तेल आणि मीठ. सगळं भरडच वाटायचं.

चिकनला खोल चिरा देऊन मसाला आतपर्यंत चोळते आणि फ्रिजमध्ये रात्रभर मुरू देते. दोन-तीन तासांत वरवरचीच चव लागते.

जमैकाच्या पोर्टलँड परगण्यातल्या बॉस्टन बे इथे पिमेंटोच्या ओल्या काठ्या निखाऱ्यांवर मांडून त्यांवर मांस ठेवतात आणि वरून पत्रा झाकतात. माझ्याकडे ते लाकूड नाही. अंगणातल्या झाकणाच्या बार्बेक्यूत कोळसे एका बाजूला सारायचे, त्यांवर भिजवलेले ऑलस्पाइसचे दाणे आणि तमालपत्रं टाकायची, चिकन दुसऱ्या बाजूला ठेवून झाकण लावायचं. तासाभराने उलटसुलट करायचं, शेवटी थेट निखाऱ्यावर कड करपवायची. घाई केली तर साखर जळते आणि हाडाजवळ कच्चं राहतं.

सोबत नारळाच्या दुधात राजमा घालून शिजवलेला भात. मसाला जास्तीचा झाला तर काचेच्या बरणीत भरून वर तेलाचा थर देऊन फ्रिजमध्ये ठेवते, त्या आठवड्यातच बांगड्याला लावून संपवते. बांगड्याला तो अर्धा तास पुरे.