पिंगला ‘ओ’ भलत्यानेच दिली

आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहातला प्रोजेक्टर छताला इतका उंच टांगलाय की रिमोटचं तो क्वचितच ऐकतो. म्हणून तो नेटवर्कवर घेतला आणि खालच्या कॉम्प्युटरवरून चालू-बंद करू लागलो. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं, मग स्वारी लहरी झाली. सकाळी चालू व्हायची, दुपारी हूं की चूं नाही. पुरवठादाराच्या माणसाने फोनवरच निकाल दिला, ‘आतला बोर्ड गेलाय, बदलावा लागेल.’

बोर्डाची किंमत ऐकल्यावर मी लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडलं.

पिंग केलं, म्हणजे प्रोजेक्टरच्या नेटवर्क पत्त्यावर ‘आहेस का?’ अशी हाक मारली. उत्तरं बिनचूक येत होती. पण प्रोजेक्टरला हुकूम द्यायची पीजेलिंक ही पद्धत (बऱ्याच कंपन्यांच्या प्रोजेक्टरना ती कळते) पोर्ट ४३५२ वर चालते. पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांक असलेलं दार. नेटकॅट या पोर्टशी थेट बोलणाऱ्या प्रोग्रामने तिथे जोडायला गेलो, तर तत्काळ नकार. हे ‘तत्काळ’ महत्त्वाचं. यंत्र बंद असतं किंवा वाटेत फायरवॉलने, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्याने, गिळलं असतं, तर बराच वेळ नुसती वाट बघावी लागली असती. इथे कुणीतरी हजर होतं, फक्त त्याचं ते पोर्ट बंद होतं.

नेटवर्कच्या केबल जिथे जुळतात त्या स्विचमधून प्रोजेक्टरची केबल उपसली. पिंग तरीही चालूच! हाक एकाला मारावी आणि ‘ओ’ दुसऱ्यानेच द्यावी, तसा प्रकार.

केबल परत लावून आर्पिंग चालवलं; हा पत्ता कुठल्या यंत्राकडे आहे, ते त्यातून कळतं. एकाच आयपी पत्त्यावरून (नेटवर्कवर यंत्राला दिलेला पत्ता) दोन वेगळे मॅक पत्ते (यंत्राला कारखान्यातूनच मिळालेला पत्ता) उत्तर देत होते. मॅकच्या पहिल्या तीन जोड्यांवरून कंपनी कळते. एक निघाली प्रोजेक्टरची, दुसरी कॅमेऱ्यांची. आवारात नुकतेच सीसीटीव्ही बसले होते आणि त्यांच्या रेकॉर्डरला बसवणाऱ्याने नेमका हाच पत्ता कायमचा देऊन टाकला होता. कुठला आयपी कुठल्या मॅकचा, ही कॉम्प्युटरची आर्प यादी; तीत ज्याची नोंद असेल, त्याच्याकडे हुकूम जायचा. लहरीपणाचं मूळ तिथे होतं.

रेकॉर्डरला हात लावला नाही, तो बऱ्याच जणांच्या मोबाइलला जोडलेला होता. प्रोजेक्टरलाच मेनूतून नवा पत्ता दिला, राउटर आपोआप वाटतो त्या पत्त्यांच्या बाहेरचा.

पुन्हा नेटकॅट. या वेळी समोरून ‘पीजेलिंक ०’ आलं. शून्य म्हणजे पासवर्ड नाही. ‘%१पीओडब्ल्यूआर ?’, म्हणजे ‘चालू आहेस की बंद?’, टाइप करून एंटर दाबलं, तर उत्तर नाही. ओळ संपल्याची अदृश्य खूण दोन प्रकारची असते: माझ्या लॅपटॉपच्या लिनक्सवर एंटरने लाइन फीड जातो आणि प्रोजेक्टरला ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हवा असतो. प्रिंटएफ या मजकूर छापायच्या हुकुमाने तो जोडून पाठवावा लागतो, आणि तिथे टक्क्याचं चिन्ह दोनदा लिहायचं, नाहीतर प्रिंटएफ ते स्वतःसाठीच समजतं. मग उत्तर आलं: ०, म्हणजे स्टँडबाय. चालू करायचा हुकूम दिल्यावर ३, म्हणजे गरम होतोय, आणि थोड्या वेळाने १. बोर्ड ठणठणीत होता!

हात लागलाच होता म्हणून ‘ईआरएसटी’, म्हणजे बिघाडांची स्थिती, विचारलं. सहा आकडी उत्तर येतं: पंखा, दिवा, तापमान, झाकण, फिल्टर आणि इतर. आमचं आलं ००००१०. पाचव्या जागी १ म्हणजे फिल्टरबद्दल इशारा, २ असता तर बिघाड. फिल्टर त्याच आठवड्यात साफ करून घेतला. पासवर्डही लावला, कारण त्या शून्यामुळे त्याच नेटवर्कवरचं कुणीही ऐन भाषणात प्रोजेक्टर बंद करू शकलं असतं, आणि आमची संगणक विभागाची पोरं फार जिज्ञासू आहेत.